‘कसं वाटतं’ विचारू नकोस, कालचा दिवस विचार

(प्रश्न थोडक्यात असा: “मॅडम, मी नाशिकला एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचे अनुभव, हा माझा विषय. तीन मुलाखती झाल्या, प्रत्येक दहा-बारा मिनिटांत संपली. सगळे म्हणतात, ठीक आहे, देवाच्या हातात आहे. एका घरी मुलानं दारातच बजावलं, दादांसमोर आजाराचं नाव काढू नका. एका ताईंना रडू कोसळलं, तेव्हा मी घाबरून रेकॉर्डर बंद केला आणि निघून आले. मैत्रिणी म्हणतात, प्रश्नावली घे आणि मोकळी हो. काय करू? आणि मुलाखती किती घेतल्या म्हणजे पुरतील?”)

प्रश्नावलीकडे एवढ्यात वळू नकोस. तुला वाटतंय की तीनही मुलाखती वाया गेल्या. मला त्यातल्या दोन चांगल्या दिसतात. दारात मुलानं सांगितलेलं वाक्य आणि ताईंचं रडू, तुझ्या विषयाचा गाभा तिथेच होता. तू दोन्ही ठिकाणी गाभ्यापर्यंत पोचलीस आणि परत फिरलीस. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तू काय विचारलं असशील याचा मला अंदाज आहे. ‘काळजी घेताना तुम्हाला कसं वाटतं?’ सगळ्याच मुली इथून सुरुवात करतात, कारण विषयाच्या नावातच ‘अनुभव’ असतो. पण आपल्या घरांत बाईला ‘तुला कसं वाटतं’ असं बहुधा कुणी कधी विचारलेलंच नसतं. त्यातून विचारणारी अनोळखी, हातात फॉर्म, समोर मोबाइल ठेवलेला, आणि आतल्या खोलीत सासूबाई कान देऊन बसलेल्या. अशा वेळी ‘बरं आहे’ हे पाहुण्याला द्यायचं उत्तर असतं. ‘देवाच्या हातात आहे’ म्हणजे तुझ्यापुरतं दार लोटून घेतलंय, एवढंच. ती खोटं बोलत नाहीये. तिचं खरं उत्तर ज्या प्रश्नानं येईल तो प्रश्न तू अजून विचारलेला नाहीस.

मला हे एका सुनेनं शिकवलं. सासू पॅरालिसिसनं अंथरुणाला खिळलेली, घर सिडकोत, दोन खोल्यांचं. मी माझे बारा प्रश्न विचारले, तिनं बारा वेळा ‘काही नाही, चाललंय’ म्हटलं. रेकॉर्डर बंद करून मी चपला घालत होते आणि सहज विचारलं, “आज किती वाजता उठलात?” ती म्हणाली, “उठायला झोपले कुठं होते?” मग पाऊण तास ती चौकटीला टेकून उभ्या उभ्या बोलत होती. रात्री दोनला कूस बदलायची, चारला ओलं बदलायचं, पाचला नळाला पाणी येतं म्हणून पुन्हा झोपायचंच नाही. नवऱ्याला सकाळची शिफ्ट, त्याची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता चादर बदलायची सवय झालेली. “अंधारात हाताला कळतं कुठं ओलं आहे ते,” असं ती म्हणाली. माझ्या बारा प्रश्नांत या वाक्याला जागाच नव्हती.

तेव्हापासून माझी सुरुवात ठरलेली आहे: “काल सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा.” आज नाही, काल. आजचा दिवस अजून चालू असतो, त्याची गोष्ट झालेली नसते. मग फक्त ‘मग?’ म्हणायचं, किंवा तेही नाही. कोण उठलं, चहा कुणी केला, गोळ्या कोणाच्या हातात असतात, नळीतून दूध कोण घालतं, आंघोळ कोण घालतं, त्या वेळी दार लावतात का, भांडण कशावरून झालं, जेवायला कोण कुठे बसतं. भावना विचाराव्या लागत नाहीत. त्या कामांच्या मधूनमधून आपोआप येतात, आणि आल्या की खऱ्या असतात.

यामागे शास्त्र आहे, नुसता माझा हातखंडा नाही. ज्युलिएट कॉर्बिन या मूळच्या नर्स आणि अँसेल्म स्ट्रॉस हे समाजशास्त्रज्ञ. दोघांनी १९८५ मध्ये मांडलं की दीर्घ आजार घरी सांभाळणं हे ‘काम’ आहे आणि ते तीन प्रकारचं असतं. एक आजाराचं काम: गोळ्या, ड्रेसिंग, तपासण्यांच्या फेऱ्या. दुसरं रोजच्या जगण्याचं: स्वयंपाक, पोरांची शाळा, पैसे. तिसरं आयुष्याच्या गोष्टीचं, म्हणजे ‘मी कोण होतो, आता कोण झालो, पुढे काय’ याची जुळवाजुळव. विद्यार्थिनी बहुतेक पहिल्या कामाचं विचारतात आणि तिसऱ्याचं उत्तर मागतात. वाट मधल्या कामातून जाते.

तुझा विषय तोंडाच्या कॅन्सरचा, म्हणून स्वयंपाकघराबद्दल जरा थांबून सांगते. आपल्याकडे हा आजार किती आहे हे ओपीडीत उभी राहून तू पाहिलंच आहेस; तंबाखू, गुटखा, मिसरी. ऑपरेशन होतं, मग लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यावी लागते. त्यानं तोंड सोलवटतं, लाळ आटते, जबडा उघडत नाही, चव जाते. पुस्तकात हे ‘पोषणविषयक समस्या’ म्हणून येतं. घरात ते वेगळ्याच रूपात येतं. निफाडकडच्या एका बाईंनी मला सांगितलं की नवऱ्याला नळी बसवल्यापासून घरात फोडणी द्यायची बंद झाली. लसणाचा वास आला की ते उठून ओट्यावर जाऊन बसत. मग ही शेजारच्या जावेच्या चुलीवर भाजी करायची, मुलांना तिथेच वाढायची, आणि स्वतः उभ्यानं, पाठमोरी होऊन दोन घास खायची. “त्यांना घास गिळता येत नाही, आणि मला गिळता येतो याची लाज वाटते,” हे तिचं शब्दशः वाक्य. पुढे म्हणाली, “आता माझ्या हाताला चवच राहिली नाही.” मी मीठ-मसाल्याबद्दल समजले. ती म्हणत होती, ज्याच्यासाठी तीस वर्षं रांधलं त्यानंच चव घेणं बंद केलं, तर हात कोणासाठी चालवायचा?

या एका गोष्टीत तिन्ही कामं आहेत. आजाराचं, रोजचं, आणि बायको म्हणून आपण कोण याचं. आणि सुरुवात कुठून झाली होती? ‘काल दुपारी जेवण कसं झालं’ एवढ्यावरून.

दुसरी गोष्ट, काळ. तू ‘निदान कधी झालं’ विचारतेस आणि तारीख येत नाही, म्हणून गडबडतेस. तारीख त्यांच्या मोजणीत विचार. द्राक्षबागायतदाराच्या घरी सगळं छाटणीपासून मोजतात. एका घरी मला सांगितलं गेलं, “गोडी छाटणीला चाळीस दिवस झाले होते तेव्हा गाठ हाताला लागली, आणि माल काढायला आला तेव्हा यांचे केस गेले.” ऑक्टोबरात छाटणी, दर एकवीस दिवसांनी केमो, आणि बागेची फवारणी आजारी माणसासाठी थांबत नाही, ते कुटुंब दोन कॅलेंडरांवर एकाच वेळी जगत होतं. सुरगाणा-पेठकडे हेच भातलावणी आणि नागलीच्या काढणीवर मोजलं जाईल, सातपूर-अंबडला शिफ्ट आणि पगाराच्या तारखेवर. पाठकोऱ्या कागदावर त्यांच्यासमोर आडवी रेघ ओढ, त्यांचे सण आणि हंगाम त्यावर मांड आणि त्यांनाच खुणा करू दे. टाटाला नेलेल्या रुग्णांच्या घरी त्या रेघेवर पंचवटी एक्स्प्रेस नक्की येईल. पहाटे घर सोडायचं, नाशिकरोडला गाडी पकडायची, दादरला उतरून परळ, आणि रात्री परत. तो एक दिवस नीट ऐकलास तर कुटुंबाचे पैसे, रजा, लाज आणि आशा, सगळं त्यात सापडतं.

आता दारातल्या त्या मुलाकडे येते.

बार्नी ग्लेझर हे समाजशास्त्रज्ञ आणि वर आलेले तेच स्ट्रॉस या दोघांनी १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत राहून हेच पाहिलं होतं: मरणाच्या वाटेवरच्या माणसाशी कोण काय बोलतं, काय टाळतं. त्यांच्यासोबत जीन क्विंट ही नर्स संशोधक होती. १९६५ मध्ये त्यांनी चार स्थिती मांडल्या. रुग्णाला काहीच माहीत नाही. रुग्णाला संशय आहे आणि तो चाचपडतोय. सगळ्यांना ठाऊक आहे, पण सगळे ठाऊक नसल्यासारखं वागतात. आणि चौथी, सगळे उघड बोलतात. घरचे मला नेहमी सांगतात की आमच्याकडे पहिली स्थिती आहे. मी दोन-तीनदा त्या घरी गेले की बहुतेक वेळा तिसरी निघते.

कंपनीतून निवृत्त झालेले एक काका, पोटाचा कॅन्सर. घरात ‘अल्सर’ असं ठरलेलं. ड्रेसिंग करताना मुलगा पाणी आणायला गेला तेवढ्यात हळूच म्हणाले, “सिस्टर, पेन्शनच्या कागदावर हिचं नाव लागलंय का, ते पोराला बघायला सांगा. तुमचं म्हणून सांगा. मी सांगितलं तर त्याला कळेल की मला कळलंय.” मुलगा बापाला जपत होता, बाप मुलाला. दोघंही एकटे पडले होते. तो मुलगा दारात मला काय म्हणाला होता? तुझ्या त्या मुलानं तुला जे सांगितलं, तेच.

म्हणून दारातलं वाक्य ही अडचण समजू नकोस, ती नोंद आहे. कोणी सांगितलं, उंबऱ्याच्या आत की बाहेर, आवाज किती खाली, आजाराला कुठला शब्द वापरला, हे सगळं त्याच संध्याकाळी वहीत उतरव. ‘गाठ’, ‘तो आजार’, ‘मोठं दुखणं’, ‘तोंडाचं ते’. एका घरात तीन माणसं तीन शब्द वापरतात, आणि कोण कुणासमोर कुठला शब्द वापरतं यावरून सगळं कळतं.

एक सावधगिरी. प्रबंधात ‘भारतीय संस्कृतीमुळे निदान लपवलं जातं’ असं वाक्य लिहून मोकळी होऊ नकोस. १९६१ मध्ये शिकागोतल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा जवळपास ९० टक्क्यांनी सांगितलं की कॅन्सरचं निदान आम्ही रुग्णाला सांगणं टाळतो. १९७९ मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत अमेरिकेची संस्कृती बदलली नव्हती; उपचार बदलले होते, डॉक्टरांचं शिक्षण बदललं होतं, रुग्णांचे हक्क पुढे आले होते. आपल्याकडे लपवण्यामागे काय आहे ते प्रत्येक घरात विचारून काढावं लागेल. एका घरी ते प्रेम असतं, एका घरी जमिनीची वाटणी, एका घरी पूर्वी कुणाला तरी सांगितल्यावर त्यानं जेवण सोडलं होतं ती आठवण.

याचा तुझ्या माहितीपत्रकाशी थेट संबंध आहे. त्यावर ‘कर्करोग’ हा शब्द ठळक छापला असेल आणि ते पत्रक कॉटवर राहिलं, तर त्या घराची सगळी घडी तू एका कागदानं विस्कटशील. ‘गंभीर आजारात घरी काळजी घेणाऱ्यांचे अनुभव’ असं नाव ठेव, आणि एथिक्स कमिटीला हे का केलं ते स्पष्ट लिहून दे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत माहिती आणि स्वेच्छेची संमती लागते. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार आणि अंगठा. तुझी सहभागी ही काळजी घेणारी व्यक्ती आहे, तिच्यापासून काही लपव असं मी म्हणत नाही. पण रुग्णाला काय माहीत आहे ते आधी न विचारता कागद पुढे करू नकोस.

आणि रुग्णानंच विचारलं, “सिस्टर, मला काय झालंय?” तर खोटं बोलायचं नाही आणि निदान फोडायचंही नाही. “डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय? तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” असं विचार, त्यांचं ऐक, आणि “हे डॉक्टरांशी बोलायला हवं, मी त्यांना सांगू का?” म्हण. मुलालाही दारातच शांतपणे सांगायचं: “मी नाव काढणार नाही. पण त्यांनी मला थेट विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, डॉक्टरांकडे पाठवेन.” मी असं सांगितल्यावर एकदा एका मुलानं मला परत पाठवलं. ते ठीक आहे. दुसऱ्या एका मुलानं बराच वेळ दार धरून उभं राहून विचारलं, “त्यांना कळलं असेल का हो?” त्याची मुलाखत मी पायरीवर बसून घेतली.

रडण्याबद्दल. तू निघून आलीस याचं तुला वाईट वाटतंय ते चांगलं आहे, पण स्वतःला दोष देत बसू नकोस. आपल्याला वॉर्डात रडणाऱ्याला गप्प करायलाच शिकवलेलं असतं. आता त्या ताईंच्या बाजूनं बघ. कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, त्या रडल्या, आणि विचारणारी उठून गेली. आपलं काहीतरी चुकलं असंच त्यांना वाटलं असणार.

पुढच्या वेळी हलू नकोस. पाणी द्यायला धावू नकोस, ‘रडू नका’ म्हणू नकोस, पाठीवर हात ठेवायचा की नाही ते तुमच्या नात्यावर. थोडं थांबून विचार, “रेकॉर्डर बंद करू का?” हा निर्णय त्यांचा. बऱ्याच जणी म्हणतात, राहू द्या, बोलू द्या. मुलाखत थांबवायची असेल तर थांबव, पण बसून राहा, चहा घे, दुसऱ्या विषयावर बोल, आणि निघताना विचार की आज रात्री सोबतीला घरी कोण आहे. हे सगळं क्षेत्रावर जायच्या आधी कागदावर हवं: कुणी कोलमडलं तर कुठल्या ओपीडीत पाठवणार, कुणाला फोन करणार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापील चिठ्ठीवर प्रत्येक घरी दे. मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. आणि तुझ्यासाठीही कुणीतरी हवं. दिवसाला एकच मुलाखत, आणि त्या संध्याकाळी गाइडशी किंवा जाणत्या मैत्रिणीशी पंधरा मिनिटं बोलणं. नाइट ड्युटी करून सकाळी मुलाखतीला जाऊ नकोस. थकलेल्या माणसाला दुसऱ्याची शांतता सहन होत नाही, तो मध्येच बोलतो.

तू नर्स आहेस, हा प्रश्नही येणारच. मुलाखत चालू असताना आत नळी चोंदलेली दिसेल, जखमेला वास येत असेल, रुग्ण कण्हत असेल. तू संशोधक आहेस म्हणून हात बांधून बसायचं का? माझं स्पष्ट मत: नाही. आधी हात धुऊन जे करता येण्यासारखं आहे ते कर, मग मुलाखत, आणि केलेलं सगळं वहीत लिही. संशोधनाची शुद्धता त्यानं बिघडत नाही. न लिहिल्यानं बिघडते. वेदना असेल तर मुलाखत थांबलीच पाहिजे. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे मॉर्फिनच्या गोळ्या ‘ती शेवटची गोळी’ म्हणून डब्यात जपून ठेवलेल्या असतात आणि माणूस रात्रभर तळमळतो. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो म्हणून ती घड्याळावर द्यायची असते, दुखायला लागल्यावर नाही, एवढं कुणी समजावून सांगितलेलं नसतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी झाली. घरातली भीती कोण काढणार? त्यांच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोल. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एकच असते, हे त्यांना रुग्णांचं बोलणं लिहून घेता घेता दिसलं होतं. काळजी आणि नोंद त्यांनी वेगळी काढली नाही.

पण याचीच दुसरी बाजू सांभाळ. स्वतःच्या वॉर्डातले नातेवाईक सहभागी म्हणून घेऊ नकोस, किंवा घेतलेस तर पहिली विचारणा दुसऱ्या कुणाला करू दे. जी सिस्टर उद्या माझ्या माणसाला इंजेक्शन देणार आहे तिला नाही म्हणायची हिंमत कोण करेल? घरी जाताना युनिफॉर्म नको. आणि योजनेचे कागद, बेड, ओळख यांपैकी कशाचंही आश्वासन देऊ नकोस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पाठव. ते त्यांचं काम आहे आणि ते ते तुझ्यापेक्षा चांगलं करतील.

ओळख लपवणं म्हणजे नाव बदलणं नव्हे. ‘त्र्यंबक तालुक्यातल्या अमुक गावची, शिक्षकाची बायको, जबड्याचं ऑपरेशन’ एवढं लिहिलंस तर त्या गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. गाव काढ, व्यवसाय सैल कर, दोन कुटुंबांचे तपशील एकत्र करू नकोस, पण अनावश्यक ते गाळ.

रेकॉर्डिंगबद्दल एक प्रसंग सांगते, कारण तो कुठल्या पुस्तकात नव्हता. अभ्यास चालू असताना काही रुग्ण जातील. गंभीर आजाराच्या अभ्यासात हे होतंच. माझ्या एका सहभागी ताईंचे यजमान गेले. रामकुंडावर दहावं झालं, त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला: “सिस्टर, त्यांचा आवाज तुमच्याकडे आहे का?” मला आधी कळेना. मुलाखत तर ताईंची होती. मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. मधेच आतल्या खोलीतून ते खाकरतात आणि तिला हाक मारतात. घट्ट बांधलेल्या जबड्यातून येते तशी, अर्धवट हाक. मी ते तीनदा ऐकलं होतं आणि उतरवताना ‘पार्श्वभूमीला आवाज’ एवढंच लिहिलं होतं. ती हाक त्यांना द्यायची की नाही हे मी एकटीनं ठरवलं नाही. एथिक्स कमिटीला लिहिलं, परवानगी आली, तेवढा तुकडा दिला. तेव्हापासून माझ्या संमतीपत्रात दोन ओळी जास्त आहेत: मुलाखतीत घरातल्या इतरांचा आवाज आला तर काय करायचं, आणि रेकॉर्डिंगची प्रत हवी आहे का. तूही घाल.

गेलेल्या माणसाच्या घरी लगेच मुलाखतीला जायचं नाही हे सांगायला नको. भेटायला जा, रेकॉर्डर न नेता. पुन्हा बोलायचं असेल तर काही महिने जाऊ देत, वर्षश्राद्धाचे दिवस टाळ, आणि पुन्हा नव्यानं संमती विचार.

आता उतरवणं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास सहज लागतात, ते स्वतःच कर. प्रबंध इंग्रजीत लिहायचा म्हणून मुली ऐकता ऐकताच इंग्रजीत उतरवतात, आणि तिथेच सगळं हरवतं. ‘जीव लागत नाही’ याचं ‘लॉस ऑफ इंटरेस्ट’ झालं की त्यातला जीव गेला. ‘हाताला चव राहिली नाही’ याचं काय करशील? आधी जसं बोललं तसं मराठीत उतरव, अहिराणी असेल तर अहिराणीत, कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलल्या असतील तर त्यात. थांबले ते किती वेळ, उसासा, हसू, सगळं. कोडिंग, म्हणजे वाक्यांना अर्थाची नावं देणं, तेही मराठीतच कर. भाषांतर फक्त प्रबंधात घ्यायच्या वाक्यांचं, आणि ते ती बोली येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून उलट तपासून घे. कळवण-सुरगाण्याकडची एखादी आशाताई तुला शब्दकोशापेक्षा जास्त मदत करेल.

विश्लेषणाला तुमच्याकडे बहुतेक कोलायझी यांची १९७८ची पद्धत सांगतात. चांगली आहे: सगळं वाचायचं, महत्त्वाची वाक्यं वेगळी काढायची, अर्थ लावायचे, त्यांचे गट करायचे, सलग वर्णन, त्यातून गाभा, आणि शेवटी सहभागी माणसांना परत जाऊन दाखवायचं. शेवटची पायरी विद्यार्थिनी गाळतात. तीच गाळू नकोस. मी थीम, म्हणजे त्या गटांना दिलेली नावं, तपासताना एकच कसोटी लावते: हे नाव घराबाहेर न पडता, टेबलाशी बसून लिहिता आलं असतं का? ‘मानसिक ताण’, ‘आर्थिक अडचणी’, ‘सामाजिक आधार’, ही लिहायला कुणाच्याही घरी जायची गरज नव्हती. ‘घरात चोरून जेवणं’ हे मात्र त्या ओट्यावर बसल्याशिवाय सुचलं नसतं. तशी चार नावं मिळाली तरी प्रबंध उभा राहतो.

किती मुलाखती? गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या साठ मुलाखती तपासून २००६ मध्ये दाखवलं की नवं सापडणं साधारण बाराव्या मुलाखतीपर्यंत संपत आलं होतं, आणि मुख्य गोष्टी सहाव्यापर्यंतच आल्या होत्या. पण तिथे सहभागी बरेच सारखे होते आणि प्रश्नही ठरलेले. तुझ्यासाठी मी म्हणेन, दहा-बारा घरं आणि प्रत्येक घरी निदान दोन भेटी. तीस घरं एकेका भेटीत करण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं. बायकांबरोबर नवरे, मुलगे, म्हाताऱ्या आयाही घे. पुरुष कमी मिळतील, पण मिळव. बायकोची वेणी घालायला शिकलेला नवरा मी पाहिला आहे, तो ‘बरं आहे’च्या पुढे यायला तीन भेटी लागल्या. परीक्षक ‘नमुना लहान आहे’ म्हणाले तर कोरेकची, म्हणजे मुलाखतींच्या संशोधनात काय काय कळवायचं याची, ३२ मुद्द्यांची यादी जोडून काय केलं आणि का केलं ते दाखव. आकड्यानं उत्तर देऊ नकोस.

प्रश्नावली वाईट असते असं नाही. काळजी घेणाऱ्यावरचं ओझं मोजणारी झरिट यांची २२ प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरतात, ० ते ८८ गुण. किती जणांवर किती ओझं, कुठे आधी मदत पाठवायची, हे ठरवायला ती लागते. पण तिचा पहिलाच प्रश्न बघ: तुमचं माणूस गरजेपेक्षा जास्त मदत मागतं असं वाटतं का? सासू ऐकत असताना कुठली सून ‘नेहमी’वर खूण करेल? गुण कमी येतील, आणि तू लिहिशील की ओझं कमी आहे. आधी घरांत बसून ऐक. पुढे पीएच.डी. करशील तेव्हा आपल्या बायकांच्या तोंडच्या वाक्यांतून आपली मोजपट्टी बनव. ती नाशिकला झाली तर मला फार आनंद होईल.

पण हे सगळं नंतर. आधी त्या रडलेल्या ताईंकडे परत जा, याच आठवड्यात. सकाळी अकराच्या सुमारास जा, तोवर आंघोळ आणि ड्रेसिंग उरकलेलं असतं आणि दुपारच्या जेवणाची घाई सुरू झालेली नसते. रेकॉर्डर पिशवीतच राहू दे. “त्या दिवशी मी अर्ध्यावर उठून गेले, ते बरोबर झालं नाही,” असं सरळ सांग. त्या चहा ठेवतील तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्यामागे जाऊन उभी राहा आणि विचार, काल रात्री कोण किती वाजता उठलं होतं.